जखमेवरची साय पुसू नका

तंबाखू, खर्रा वा मिश्री यांच्या दीर्घ सवयीमुळे गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पडलेला पांढरा चट्टा डॉक्टर कधी कधी लेझरने काढून टाकतात. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातून ज्येष्ठ रुग्ण अमरावती वा नागपूरला जातात, शस्त्रक्रिया करून घेतात आणि घरी परततात. पुढची शुश्रूषा मात्र घरच्यांच्याच हाती असते. म्हणून तोंडातील ही जखम कशी भरते, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

या कामी बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लावला. या किरणांची ऊर्जा पेशींतील पाणी शोषून घेते, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रोगट भाग नेमका निघतो. त्याच उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या मिटतात. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि पुष्कळदा टाकेही न घालता जखम उघडी ठेवता येते.

पहिल्या काही दिवसांत या जखमेवर पांढरट-पिवळसर साय धरते. घरच्यांना तो पू वाटतो आणि बोटाला हळद लावून तो चोळून काढण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नका. हा थर मुख्यतः रक्तातील फायब्रिन या प्रथिनाचा असतो. शरीराने स्वतःच बांधलेली ती पट्टी होय. तिच्या आडोशाला कडेकडून नवी त्वचा मध्याकडे सरकत जाते. उष्णतेने भाजलेला पातळ थर आधी निघून जावा लागत असल्याने ही जखम सुरीच्या जखमेपेक्षा सावकाश भरते; साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. मात्र ती आकसते कमी, त्यामुळे व्रणही मऊ राहतो. मधुमेह असल्यास अधिक वेळ लागू शकतो. अशा वेळी साखर आटोक्यात ठेवणे हेही औषधच आहे.

आहारात मऊ भात, वरण, ताक, निवलेल्या ज्वारीच्या कण्या द्याव्यात. ठेचा, चिवडा, कडक भाकरी आणि गरम चहा काही दिवस दूर ठेवावा. पहिला दिवस जोराने चूळ भरू नये. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड खळखळावे. कवळी जखमेला घासत असेल तर ती केव्हा लावावी, हे डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

स्वच्छ कापडाने वीस मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, ताप, वाढती सूज, दिवसेंदिवस वाढणारी वेदना वा दुर्गंधी यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित दवाखाना गाठावा. गिळणे वा श्वास घेणे कठीण झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

जखम भरली म्हणजे आजार संपला, असे मात्र समजू नये. चट्टा पुन्हा उद्भवू शकतो आणि काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. तपासणीसाठी पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आपण मागून घ्या, जपून ठेवा आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा दाखवा. अंतर दूर असले तरी ती खेप चुकवू नये. आणि बरा झालेला तो गाल पुन्हा खर्ऱ्याच्या स्वाधीन करू नये.