दुकान बांधण्यापूर्वी बापू कुटी पहा

वर्ध्याचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या घरातले ऊन. तरी आपण टिनाखाली दुकान थाटतो आणि कूलरचे बिल भरतो. शहरापासून ८ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहावयास आले. तेथील बापू कुटी पहा. मातीची भिंत उष्णता हळूहळू आत सोडते, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पडवीमुळे ऊन भिंतीला लागत नाही.

उजेडाचेही तसेच. माझ्या पहिल्या दुकानाचे तोंड पश्चिमेला होते. दर्शनी ताग्यांचा रंग उडाला, माल निम्म्या भावात गेला. उत्तरेच्या उजेडात थेट ऊन जवळजवळ नसते, कापडाचा रंग खरा दिसतो. गिऱ्हाईक माल परत आणत नाही.

आवाजाचे म्हणाल तर पावसात टिनाखाली भाव ऐकू येत नाही. खाली बांबूचे तट्टे लावल्यास आवाज व ताप दोन्ही कमी होतात. कापडाचे तागे आवाज शोषतात. भांडीवाल्यांच्या उघड्या पक्क्या भिंती मात्र तो परत फेकतात.

कारागीर व व्यापारी बंधूंनी पाया खणण्यापूर्वी एक दिवस जागेवर थांबून ऊन कसे फिरते ते पाहावे. त्याला पैसा लागत नाही.