काळ्या रेघा आणि कच्ची वही

रस्त्याकडेला कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या मावशींच्या टोपलीलाही हल्ली एक काळी-पांढरी चौकोनी नक्षी टेकवून ठेवलेली असते. आपण फोन पुढे धरतो, पैसे चुकते होतात आणि आपण पुढच्या पाटीकडे वळतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता ही नक्षी गावोगाव पोचली. पण तिचे माहेर बाजारात नाही, कारखान्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जपानच्या आइची प्रांतात मोटारींचे सुटे भाग बनवणारी डेन्सो नावाची कंपनी आहे. तिथे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि ते वाचून वाचून कामगार वैतागत. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडात वीसेक अक्षरांपलीकडे फारसे काही मावत नाही. यावर तोड म्हणून मासाहिरो हारा या अभियंत्यांनी आणि त्यांच्या चमूने १९९४ साली क्यूआर कोड तयार केला. ‘गो’ या बैठ्या खेळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. कंपनीने पेटंट घेतले, पण ते वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून तर ती नक्षी मावशींच्या टोपलीपर्यंत येऊ शकली.

बाजारात हे तंत्र इतके सहज रुळले की कारखानदारांना वाटते, आपल्याकडेही ते तसेच चुटकीसरशी रुळेल. गेली वीसेक वर्षे मी कारखान्यांत बारकोड बसवून देण्याचे काम करतो आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव, कधी नाशिकचे सातपूर, तर कधी कोल्हापूरजवळचे गोकुळ शिरगाव. पहिल्या बैठकीत मालकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती दिवसांत होईल?’’ यंत्रे पंधरा दिवसांत बसतात. स्कॅनर, लेबलांचा प्रिंटर, संगणक आणि चार केबली, एवढाच तर पसारा. त्यानंतरचे वर्ष जाते ते निराळ्याच गोष्टीत.

जुन्या पेढीवर जशी एक पक्की वही असे आणि एक कच्ची, तसे प्रत्येक कारखान्यात उत्पादनाचे दोन हिशेब असतात. (करचुकवेगिरीचा संबंध इथे लावू नये, तो विषय वेगळा.) पक्का हिशेब संगणकात असतो. कच्चा असतो सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत. कोणत्या लॉटचे चाळीस पीस रिवर्कला पडून आहेत, कोणती ट्रॉली जिन्याखाली सरकवून ठेवली आहे, रात्रपाळीने कोणाकडून किती पीस उसने घेतले, हे सारे त्या डायरीत असते. महिनाअखेरीस मोजदाद होते, खडूने खुणा केल्या जातात, आणि दोन्ही हिशेब जुळत नाहीत म्हणून एक आकडा ‘ॲडजस्ट’ केला जातो. कारखाना चालतो तो डायरीवर. बारकोड आणायचा म्हणजे ती डायरी उघड्यावर आणायची. तिचा मालक ती सुखासुखी कशी देईल?

बारकोडचा इतिहास पाहिला तर तो मुळात दुकानासाठी जन्मला. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा अमेरिकनांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५२ साली मंजूर झाले. मायामीच्या समुद्रकिनारी बसून वुडलँड यांनी मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा बोटांनी वाळूत खाली ओढून लांब केल्या, त्यातून ही कल्पना निघाली, असे ते स्वतःच सांगत. प्रत्यक्षात ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचे पहिले पाकीट स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडावे लागले. त्याच वर्षी, कारखान्यांना सोयीचा असा ‘कोड ३९’ हा दुसरा प्रकारही निघाला. त्यात आकड्यांबरोबर अक्षरेही बसतात, आणि आपल्याकडच्या कित्येक जॉबकार्डांवर आजही तोच छापलेला दिसेल.

दुकान आणि कारखाना यांत एक मोठा फरक आहे. दुकानात येणारी वस्तू पुरी झालेली असते. साबणाची वडी मांडणीवर असो की पिशवीत, साबणाची वडीच राहते. कारखान्यात मात्र सकाळी लोखंडाची कांब असते, दुपारी तिचा तुकडा होतो, मग फोर्जिंग, मग लेथवर कातलेली चकती, मग दाते पाडलेला गिअर, मग भट्टीतून निघालेला कडक गिअर. दर टप्प्याला वस्तू बदलते, नाव बदलते, आणि अंगावर तेल, कूलंट आणि छिलका. लेबल चिकटवायचे तरी कशावर?

या लेबलांच्या कथा सांगायला बसलो तर पुरवणीची सगळी पाने पुरणार नाहीत. उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावरची स्वस्त लेबले हौसेने घेतात, आणि ती उन्हात नाहीतर कंप्रेसरजवळ ठेवली की पांढऱ्या रेघाही काळ्या होऊन बसतात. मेणाच्या रिबनवर छापलेली अक्षरे तेलकट अंगठ्याने पुसली जातात. तिथे राळेची महागडी रिबनच हवी, पण खरेदी विभागाला हे पटेपर्यंत दोन महिने जातात. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडलेला असतो. तो वाचलेले आकडे सरळ टाइप करतो, पडद्यावर तेव्हा जी खिडकी उघडी असेल तिच्यात. एका ठिकाणी दुपारभर लॉट नंबर हजेरीच्या रकान्यात जाऊन बसत होते.

सर्वात गमतीची गोष्ट रंगांची. बहुतेक कारखान्यांत पास मालाला हिरवे कार्ड, रिवर्कला पिवळे आणि नापासाला लाल. लेसर स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल कागदावर पडला की तो पांढऱ्या कागदासारखाच परत फिरतो, त्यामुळे लाल कार्डावरच्या काळ्या रेघा लख्ख वाचल्या जातात. हिरवा कागद मात्र तो उजेड गिळतो, रेघा आणि कागद दोन्ही काळेच दिसतात. म्हणजे नापास माल एका फटक्यात नोंदला जातो आणि पास माल दहादा स्कॅनर मारूनही हूं की चूं करत नाही! उपाय सोपा आहे, पांढरे कार्ड आणि कडेला रंगाची पट्टी. पण ‘हिरवे कार्ड आमच्या प्रमाणपत्राच्या कागदपत्रांत लिहिलेले आहे’ हे वाक्य मी तीन कारखान्यांत ऐकले आहे.

हे सगळे सुटते. न सुटणारे प्रश्न भट्टीपाशी सुरू होतात.

मालमोटारीच्या गिअरबॉक्सचे गिअर बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की प्रत्येक गिअर कोणत्या पोलादाचा आणि कोणत्या दिवशी कोणत्या भट्टीतून निघाला, हे सांगता आले पाहिजे. अट रास्त होती. भट्टीत गिअरच्या पृष्ठभागावर कार्बन चढवतात, ते ९०० अंशांच्या वर, आणि मग तेलात विझवून तो कडक करतात. हा टप्पा चुकून राहिलेला गिअर मऊ असतो. दाते झिजतात, तुटतात, आणि घाटात भरलेल्या ट्रकचा दाता तुटणे म्हणजे काय हे सांगायला नको. कडक आणि मऊ गिअर रंगावरून ओळखता येतात, पण दोन्हींवर शॉट ब्लास्टिंग झाले की डोळ्यांना फरक दिसत नाही. कडकपणा तपासतात तोही काही नमुन्यांचाच. एक मऊ गिअर गिऱ्हाइकाकडे सापडला तर प्रश्न येतो, याचे भाऊबंद किती? नोंद चोख असेल तर एका चार्जचे काहीशे गिअर परत मागवून भागते. नसेल तर महिन्याभराचा माल.

आणि नेमक्या याच जागी कुठलेही लेबल जिवंत राहत नाही. जॉबकार्ड भट्टीबाहेर खिळ्याला टांगायचे, माल आत. एका चार्जमध्ये तीन-चार लॉट एकत्र. बाहेर काढताना कोणते कार्ड कोणत्या बास्केटचे, हे भट्टीवरचे काका सांगतील तेच खरे. काकांची तिथे तीस वर्षे झालेली. मी विचारले, ‘‘काका, तुम्ही रजेवर असता तेव्हा?’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा देव असतो, साहेब.’’

उष्णता सोसणाऱ्या धातूच्या पट्ट्या मिळतात, महाग असतात. त्यांचे दरपत्रक मालकांपुढे होतेच. पण काकांनीच एक गोष्ट दाखवली. बास्केटी उष्णतेने वाकतात, म्हणून कोणती कधी सरळ करून आणली हे कळावे यासाठी त्यांनी प्रत्येक बास्केटवर वेल्डिंगने आकडा काढून ठेवला होता. वेल्डिंगचा आकडा भट्टीत पुसत नाही. आम्ही भट्टीच्या दाराशी खांबावर एक पाटी लावली, एकेका बास्केटचा आकडा आणि त्यापुढे त्याचा बारकोड. माल भरताना कार्ड स्कॅन करायचे, मग पाटीवरचा बास्केटचा आकडा. एका बास्केटमध्ये एकच लॉट. माल बाहेर आला की उलट क्रमाने गाठ सोडायची. ओळख मालावरून उतरवून बास्केटवर ठेवली आणि पलीकडे पुन्हा मालावर चढवली. खर्च पाटीपुरता. ही युक्ती काकांची आहे, आणि कारखान्याच्या कागदपत्रांतही ती त्यांच्या नावाने नोंदवून घ्यायला मी लावले.

खरे भांडण पेटले ते मशीन शॉपमध्ये. मालकांचे म्हणणे असे की लॉट स्कॅन करतोच आहोत तर कामगाराचे ओळखपत्रही स्कॅन करू, कोण किती पीस काढतो ते मिनिटामिनिटाला कळेल. युनियनने सरळ सांगितले, स्कॅनरला हात लावणार नाही. मालकांना हा आडमुठेपणा वाटला. मला तो वाटला नाही.

डोनाल्ड रॉय नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये शिकागोच्या एका मशीन शॉपमध्ये ड्रिलवर सुमारे अकरा महिने नोकरी केली आणि १९५२ साली त्यावर निबंध लिहिला. कामगार मुद्दाम हात आखडता घेतात, कारण जास्त पीस काढले की व्यवस्थापन दर कमी करते, हे त्याने आतून पाहिले. तीस वर्षांनी मायकेल बुरावॉय योगायोगाने त्याच कारखान्यात यंत्र चालवायला गेला. त्याचे १९७९चे पुस्तक वाचताना आपल्या भोसरीचीच आठवण यावी. आपल्याकडेही नॉर्मच्या वर इन्सेंटिव्ह असतो. चांगल्या दिवशी काढलेले जादा पीस यंत्राखालच्या क्रेटमध्ये जातात आणि टूल तुटलेल्या किंवा वीज गेलेल्या दिवशी बाहेर येतात. ही चोरी नाही. बेभरवशाच्या यंत्रावर भरवशाचा पगार मिळवण्याची ती सोय आहे. स्कॅनर प्रत्येक पिसावर वेळेचा शिक्का मारणार म्हणजे हे क्रेट संपले. आणि क्रेट संपल्यावर टूल तुटलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार, याचे उत्तर बैठकीत कोणाकडेच नव्हते.

जिथे ओळखपत्राची सक्ती झाली, अशा कारखान्यांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत. पाळी साडेतीनला सुटते आणि दिवसाचे सगळे स्कॅन तीन ते साडेतीन या अर्ध्या तासात झालेले असतात. कागदोपत्री कारखाना दुपारी तीनपर्यंत झोपलेला आणि नंतर वाऱ्याच्या वेगाने चाललेला. जे स्कॅन केले तेवढेच यंत्राला कळते. काय स्कॅन करायचे ते माणूस ठरवतो, आणि सांगितल्याने आपले नुकसान होणार असेल तर तो सांगत नाही.

म्हणून आमच्या करारात दोन गोष्टी लिहून घेतल्या. स्कॅन लॉटचा आणि यंत्राचा होईल, माणसाचा नाही. आणि रिवर्कच्या टेबलाला स्वतःचा बारकोड मिळेल, तिथे माल नोंदवला म्हणून एक वर्षभर कोणाला मेमो दिला जाणार नाही. दुसऱ्या कलमावर मालकांशी दोन बैठका झाल्या. रिवर्क ही कारखान्यातली सर्वात खोटी जागा असते. तिथला माल धड पासात नसतो, धड नापासात नसतो, आणि मऊ गिअर कडक गिअरांत मिसळतो तो बहुधा इथेच.

तीन महिन्यांनी रिजेक्शनचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, ‘‘तुमच्या यंत्रानं रिजेक्शन वाढलं, हे कसं?’’ मी त्यांना जिन्याखाली नेले. पूर्वी तिथे तीन ट्रॉल्या असत, आता जागा मोकळी होती आणि कोणीतरी तिथे सायकल लावली होती. वाढलेला आकडा त्या ट्रॉल्यांचा होता. त्यांना ते पटले, पण वरच्या कार्यालयाला हा आलेख कसा दाखवायचा, ही त्यांची काळजीही खोटी नव्हती. वरच्या कार्यालयात जिना दिसत नाही.

भट्टीच्या नोंदींची परीक्षा त्यानंतर लवकरच झाली. तपासणीत एक मऊ गिअर सापडला. पूर्वी अशा वेळी सगळे काकांकडे धावत. या वेळी पडद्यावर चार्ज सापडला, बास्केट सापडली, त्याच लॉटचे उरलेले गिअर डिस्पॅचच्या दारात खोक्यांत होते ते उतरवून घेतले आणि एकेक तपासले. आणखी नऊ मऊ निघाले. ते रिवर्कच्या टेबलावरून परत आलेले होते, आणि कोणाकडून, ते कोणी विचारले नाही, कारण करारात तसे लिहिले होते.

सुपरवायझरांची डायरी अजून आहे. पण परवा त्यांनी ती उघडून दाखवली तर तीत यंत्रांच्या तक्रारी होत्या, मालाचा हिशेब नव्हता. काका येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. मेमो न देण्याच्या कलमाची मुदत त्याआधी, दिवाळीला संपते. मालकांनी ओळखपत्राचा विषय पुन्हा काढला आहे आणि युनियनने टूल तुटलेल्या दिवसाच्या भरपाईचा. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.