मिरची झोंबते, पण लावायचीच!

परवा आमच्या चौथीच्या वर्गातला एक पठ्ठ्या लालबुंद डोळ्यांनी शाळेत आला. कुंडीत लावायला सुक्या मिरचीचं बी काढलं आणि तोच हात डोळ्याला लागला! मग त्याच हातांनी डोळे धुतले. आग थांबणार कशी? "बाई, आई म्हणते, आता मिरची लावायचीच नाही."

छे! लावायची, पण नीट समजून.

मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. बी ज्याला चिकटलेलं असतं, त्या आतल्या पांढुरक्या भागात ते तयार होतं. खरा चटका ओळखणाऱ्या आपल्या मज्जातंतूंना ते फसवतं. जीभ भाजत नाही, पण मेंदूला वाटतं, भाजली! हे कोडं सोडवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. गंमत म्हणजे पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. रानात तेच तिचं बी पसरवतात.

कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून तोंड पोळलं तर दूध-दही घ्या. हात साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ हातांनी भरपूर पाणी मारा आणि मोठ्यांना सांगा.

आता बी मातीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. ऊन भरपूर, पाणी बेताचं द्या. दहा-बारा दिवसांत कोंब दिसतील.

आणि आई-बाबा, पहिल्या मिरच्यांचा ठेचा मुलांसोबतच कुटा बरं का!