खोल मत्स्यालयातील पाणवनस्पतींसाठी एल.ई.डी. दिव्याची निवड

कोकणातील काही शेतकऱ्यांनी शोभिवंत मासे वाढवून विकण्याचा पूरक धंदा चांगला जम बसवून चालविला आहे. माशांबरोबर पाणवनस्पतींनाही मागणी येते आणि हॉटेल, दवाखाने, बंगले अशा ठिकाणी वनस्पती लावलेली मोठी काचेची टाकी बसवून देण्याचे कामही मिळते. अशा टाकीची उंची बहुधा २ फूट किंवा त्याहून जास्त असते. एक-सव्वा फुटाच्या टाकीत जो दिवा उत्तम चालतो, तोच येथे अपुरा पडतो आणि नुकसान टाकी बसवून देणाऱ्याच्या अंगावर येते.

मागील वर्षी एक शेतकरी हीच अडचण घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी एका निवासगृहात ४ फूट लांब, १.५ फूट रुंद व २ फूट उंच टाकी बसवून दिली होती. मागच्या बाजूची हायग्रोफिला व रोटाला जोमाने वाढली, परंतु तळाशी पसरावे म्हणून लावलेले हेअर ग्रास दोन महिन्यांत पिवळे पडून कुजले. मालकाने उरलेले पैसे अडवून धरले. तळाला प्रकाश कमी पडतो हे मी ओळखले, पण उपाय म्हणून ‘जास्त वॅटचा दिवा लावा’ एवढेच सांगून मोकळा झालो. त्यांनी दुप्पट वॅटचा दिवा घेतला. तीन आठवड्यांत काचांवर व वरच्या पानांवर शेवाळ चढले, तळाचे गवत मात्र होते तसेच राहिले. सल्ला माझा चुकला होता.

वॅट म्हणजे प्रकाश नव्हे

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. पूर्वी ट्यूबलाइटच्या काळात ‘इतक्या लिटरला इतके वॅट’ असा ठोकताळा असे व तो बऱ्यापैकी चाले, कारण सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच प्रकाश देत. एल.ई.डी. दिव्यांत तसे नाही. सारख्याच वॅटचे दोन दिवे घेतले तर एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश देतो, असेही आढळते. खोक्यावरील लुमेनचा आकडाही पुरेसा नाही. लुमेन माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजतो आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा रंग सर्वांत तेजस्वी दिसतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे सर्वच किरण कमीअधिक वापरतात. म्हणून प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त प्रकाश हा दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो, असा मोजतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २००० च्या आसपास असतो.

मत्स्यालयाला इतक्या प्रकाशाची गरज नसते. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांना तळाशी १५ ते ३० मायक्रोमोल पुरतात. वॅलिसनेरिया, हायग्रोफिला, अॅमेझॉन सोर्ड यांना ३० ते ५० द्यावेत. तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या व लाल पानांच्या बहुतेक जातींना ५० च्या वर लागतात, आणि त्यांना कर्बवायूही वेगळा पुरवावा लागतो. पाण्यात कर्बवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे प्रकाश वाढविला व कर्बवायू तेवढाच राहिला, तर तो वाढीव प्रकाश शेवाळाच्या पथ्यावर पडतो. वरील प्रकरणात नेमके हेच झाले. आपण खताची मात्रा जशी हेक्टरी काढतो, तसा प्रकाशही टाकीच्या तळाच्या क्षेत्रफळावर काढावा, पाण्याच्या लिटरवर नव्हे.

प्रकाश जातो कोठे?

खोल पाणी प्रकाश ‘पिते’ असा सर्वसाधारण समज आहे. स्वच्छ पाण्यात ६० सें.मी. खोलीवर गडद लाल किरण सुमारे २० टक्के कमी होतात, निळे तर जवळजवळ तसेच पोचतात. खरी घट होते ती किरण पसरल्यामुळे. दिवा जितका दूर, तितका तोच प्रकाश अधिक जागेवर वाटला जातो. त्यातून दिवा पाण्यापासून उंच टांगला असेल तर बराच प्रकाश टाकीबाहेर खोलीत सांडतो. एकदा पाण्यात शिरलेले बहुतेक किरण मात्र बाजूच्या स्वच्छ काचेवरून परतून आतच राहतात. त्यामुळे काचा व वरचे झाकण पुसण्याचे काम दिसते तितके क्षुल्लक नाही. नव्या लाकडाच्या ओंडक्याने पाणी चहासारखे झाले असल्यास निळे किरण अडतात. पाणी बदलीत राहावे. तरंगत्या वनस्पती निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू देऊ नयेत.

दुसऱ्या खेपेस मी आमच्या विभागाचा लक्समापक घेऊन त्या टाकीवर गेलो. मापकाचा डोळा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काठीने तळाशी नेला. पांढऱ्या एल.ई.डी. प्रकाशासाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागले की मायक्रोमोलचा ढोबळ अंदाज येतो. मध्यभागी तळाला १४०० लक्स, म्हणजे २० मायक्रोमोल. कोपऱ्यात त्याच्याही निम्मे. पृष्ठभागाजवळ मात्र याच्या कितीतरी पट. कारण उघड होते. नवा दिवा जास्त वॅटचा, पण फूटभर लांबीचा व चहूकडे प्रकाश फेकणारा होता आणि हातभर उंच टांगलेला होता. शिवाय वर माजलेल्या रोटालाने तळावर छत धरले होते. दाट पेरलेल्या ज्वारीखाली मूग कसा राहील, हे वर्गात शिकविणाऱ्या मला ते आधीच सुचायला हवे होते.

दिवा घेताना

प्रथम दिव्यापासून मातीच्या थरापर्यंतचे अंतर मोजावे. टाकीची नुसती उंची धरू नये. दिव्याची लांबी टाकीच्या लांबीइतकी किंवा थोडीच कमी असावी, म्हणजे कोपरे अंधारे राहत नाहीत. भिंगाशिवाय असलेला एल.ई.डी. साधारण १२० अंशांत प्रकाश पसरवितो. २ फूट व त्याहून खोल टाकीस ६० ते ९० अंशांचे भिंग असलेला दिवा घ्यावा. भिंग फार अरुंद असेल तर तळावर उजेडाचे ठिपके पडतात. टाकी १.५ फूट किंवा जास्त रुंद असल्यास एका जाड पट्टीऐवजी दोन पट्ट्या पुढे-मागे लावाव्यात. एकीच्या पानांची सावली दुसरी भरून काढते.

प्रकाशाचा रंग ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा पांढरा असावा. रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ८० च्या वर, लाल वनस्पती दाखवायच्या असतील तर ९० च्या आसपास पाहावा. जांभळ्या रंगाचे ‘ग्रो लाइट’ वनस्पती वाढवितात, पण त्यांत मासे व पाने भेसूर दिसतात आणि गिऱ्हाईक पैसे देते ते दिसण्याचे. प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय व टायमर यांवर खर्च करावा.

हिशेब असा: वरील टाकीचा तळ सुमारे ०.५६ चौ. मीटर. तळाला ४० मायक्रोमोल हवे असल्यास तेथे सुमारे २२ पोचले पाहिजेत. निम्मा प्रकाश वाटेत जातो असे धरल्यास दिव्यातून ४४ निघावेत. चांगला दिवा एका वॅटला २ मायक्रोमोल देतो, म्हणजे २२ वॅट. साधा दिवा १.२ देत असेल तर सुमारे ३७ वॅट. हा केवळ अंदाज आहे, दिवा बसविल्यावर मोजून पाहावे.

नव्या टाकीत दिवा रोज ६ तासच चालू ठेवावा, वनस्पती रुजल्यावर ८ तासांपर्यंत न्यावा. तळाला प्रकाश कमी म्हणून तास वाढवू नयेत, शेवाळच वाढते.

दिव्यावर पाणी उडतेच, म्हणून किमान आय.पी. ६५ दर्जाचा घ्यावा. त्याचा ड्रायव्हर टाकीच्या वर न ठेवता बाजूस भिंतीवर बसवावा. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगात शिरत नाही. जोडणीवर गळती-विद्युत संरक्षक स्विच अवश्य बसवावा.

प्रत्येक वेळी दिवाच वाढवायला हवा असेही नाही. वॅलिसनेरियाची पाने स्वतःच पृष्ठभागापर्यंत येतात. अनुबियास दगडाला बांधून मध्यावर बसविता येते, तेथे प्रकाश आपसूक जास्त मिळतो. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती कोकणातील ओढ्यांत निसर्गतः आढळतात; त्यांपैकी काही दुर्मीळ असल्याने त्या उपटून आणू नयेत, रोपवाटिकेत वाढविलेलीच रोपे लावावीत.

त्या टाकीत आम्ही रोटाला निम्म्यावर छाटली, हेअर ग्रास काढून क्रिप्टोकोरीन लावली आणि ४ फुटी दोन पट्ट्यांचा, ९० अंश भिंगाचा ४० वॅटचा दिवा मंद करून ६ तासांवर ठेवला. दोन महिन्यांनी तळ हिरवा झाला व मालकाने अडविलेले पैसे दिले. आधीचा मोठा दिवा त्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये लागला आहे.