पाणबुडीच्या गोदीतील अणुसुरक्षा व तिचे नियमन

अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचा विषय निघाला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो खोल समुद्र. परंतु सुरक्षेच्या दृष्टीने अशा पाणबुडीच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक काळ समुद्रात नव्हे, तर गोदीत जातो. भट्टीत इंधन भरले जाते ते गोदीत. ती प्रथम कार्यान्वित होते ती गोदीत. आणि पुढे इंधन बदलताना तिचे झाकण उघडावे लागते तेही गोदीतच. समुद्रात पाणबुडीवर एका कप्तानाची आज्ञा चालते. गोदीत मात्र जोडारी, वेल्डर, वीजतंत्री, रंगारी, अणुतंत्रज्ञ आणि नौसैनिक यांची अनेक पथके एकाच वेळी तिच्या पोटात काम करीत असतात. अशा स्थितीत कोणते काम केव्हा करावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे याचा अंतिम अधिकार कोणाचा, हाच गोदीतील अणुसुरक्षेचा मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी प्रथम धोक्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. युरेनियम २३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे आहे. त्यामुळे न वापरलेल्या इंधनाचा किरणोत्सर्ग अल्प असतो. परंतु भट्टी एकदा चालली की विदलनातून तीव्र किरणोत्सर्गी द्रव्ये निर्माण होतात आणि त्यांची उष्णता भट्टी बंद केल्यावरही थांबत नाही. दीर्घकाळ चाललेली भट्टी बंद करताच त्या क्षणी मूळ शक्तीच्या सुमारे सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. ती पुढे झपाट्याने घटते, तथापि शीतनाची व्यवस्था अखंड चालू ठेवावी लागते. नवे इंधनही सर्वथा निरुपद्रवी नसते. नियंत्रक दांडे अवेळी वर गेल्यास विदलनाची साखळी क्षणार्धात आवाक्याबाहेर जाते.

ही भीती केवळ काल्पनिक नाही. १९७० च्या जानेवारीत सोव्हिएट संघातील गोर्की येथील क्रास्नोये सोर्मोवो कारखान्यात के-३२० या पाणबुडीची बांधणी चालू असताना, चाचणीच्या वेळी तिची भट्टी अकस्मात सुरू झाली आणि कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली. १० ऑगस्ट १९८५ रोजी व्लादिवोस्तोकजवळील चाझ्मा उपसागरात के-४३१ या पाणबुडीत नवे इंधन भरून झाले होते. नीट न बसलेले झाकण पुन्हा उचलले जात असताना नियंत्रक दांडे वर खेचले गेले. त्यातून झालेल्या स्फोटात दहा माणसे जागीच मृत्यू पावली. या दोन्ही दुर्घटना गोदीतील नित्याच्या कामातून उद्भवल्या, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

अशा कामांवर कायद्याचे नियंत्रण कसे ठेवता येते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो-इन-फर्नेस ही गोदी. ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी 'ड्रेडनॉट' २१ ऑक्टोबर १९६० रोजी येथेच पाण्यात उतरली. तत्पूर्वी १९५७ साली विंडस्केल येथील भट्टीस आग लागली होती आणि १९५९ साली अणुप्रतिष्ठानांना परवाना आवश्यक करणारा कायदा संमत झाला होता. त्याची जागा १९६५ च्या कायद्याने घेतली. या कायद्याच्या मूळ रचनेत दोन अपवाद होते. वाहनात बसविलेल्या भट्टीस परवाना लागत नाही, हा पहिला. आणि राजसत्तेच्या, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या ताब्यातील स्थळांना तो लागत नाही, हा दुसरा.

बॅरोची अडचण अशी की ती गोदी खाजगी कंपनीची आहे. म्हणून गोदीच्या जागेला परवाना लागतो व तो कंपनीकडे आहे. परंतु त्याच गोदीत उभी असलेली पाणबुडी सरकारसाठी बांधली जात असते आणि तिच्या भट्टीची बाजू संरक्षण मंत्रालयाच्या कक्षेत येते. परिणामी नियामक दोन झाले. जागेवरील कामाकडे पाहतो तो अणुनियमन कार्यालय हा नागरी नियामक. २०१४ पासून त्यास स्वतंत्र वैधानिक दर्जा आहे. पाणबुडीच्या भट्टीकडे पाहतो तो संरक्षण मंत्रालयांतर्गत अणुसुरक्षा नियामक. कायद्याची ही सीमारेषा पाणबुडीच्या पोलादी कवचावरून जाते. उष्णता, आग व पाणी यांना मात्र ती रेषा ठाऊक नसते. त्यामुळे दोन्ही नियामकांनी एकत्र तपासणी करणे आणि एकाचा निर्णय दुसऱ्यास वेळीच कळविणे ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही. ती सुरक्षेचाच एक भाग ठरते.

परवान्यास छत्तीस अटी जोडलेल्या असतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की, अमुक जाडीची भिंत बांधा किंवा अमुक प्रकारची झडप बसवा, असे त्या सांगत नाहीत. प्रत्येक कामातील धोका कंपनीने स्वतः शोधावा, त्यावरील उपाय लेखी मांडावा आणि ते पुरेसे आहेत हे नियामकास पटवून द्यावे, अशी अपेक्षा असते. महत्त्वाच्या टप्प्यावर नियामक काम रोखून धरू शकतो. त्याच्या अनुमतीवाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. धोका कोठवर कमी करावयाचा, याची कसोटी ब्रिटिश कायद्याने १९४९ सालच्या एका निकालातून घेतली आहे. कोळशाच्या खाणीत आधार न दिलेल्या वाटेचा भाग कोसळून एक कामगार मृत्यू पावला होता. त्या खटल्यात न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, धोक्याच्या मानाने त्यावरील उपायाचा खर्च अत्यंत विषम असेल, तरच तो उपाय टाळता येईल. अणुभट्टीच्या सुरक्षेचे माप अशा रीतीने एका खाणकामगाराच्या मृत्यूतून आले आहे.

परंतु अटी कितीही उत्तम असल्या, तरी पथकापथकांतील सांधा निसटला तर त्या निष्फळ ठरतात. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड गोदीत १५ मे १९६९ रोजी जे घडले ते याची साक्ष देते. 'गिटारो' या अणुपाणबुडीची बांधणी चालू होती. अणुविभागाच्या पथकाने उपकरणांच्या तपासणीसाठी मागील टाक्यांत पाणी भरण्यास आरंभ केला. अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या पथकाने पाणबुडी समतोल आणण्यासाठी पुढील टाक्यांत पाणी भरण्यास सुरुवात केली. एका पथकास दुसऱ्याची वार्ता नव्हती. पाणबुडी फार खाली गेली असून उघड्या तोंडातून पाणी आत येत आहे, अशी सूचना पहारेकऱ्याने दोनदा दिली. तरी काम थांबले नाही. अखेर पुढील टोक झुकलेले ध्यानात आले, तेव्हा दारांतून आत नेलेल्या तारा व नळ्या आड आल्यामुळे दारे लावता आली नाहीत. पाणबुडी धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच सुमारे ३५ फूट पाण्यात बुडाली. भट्टीत कोणताही दोष नव्हता. दोष होता तो समन्वयाचा. काँग्रेसच्या उपसमितीच्या चौकशीतून हेच निष्पन्न झाले.

बॅरोच्या व्यवस्थेवर दोन आक्षेप संभवतात. एक म्हणजे, मंत्रालयाच्याच पोटातील नियामक मंत्रालयाच्या घाईला कितपत आवर घालू शकेल? दुसरा गुप्ततेचा. भट्टीची रचना लष्करी रहस्य असल्यामुळे गोदीलगतच्या बॅरो आयलंड वस्तीतील रहिवाशाला सुरक्षेचा पुरावा स्वतः तपासता येत नाही. पहिल्या आक्षेपास उत्तर म्हणून संरक्षण नियामक हा पाणबुड्या मागविणाऱ्या विभागापासून वेगळा ठेवण्यात आला असून २०१५ पासून तो संरक्षण सुरक्षा प्राधिकरणाचा भाग आहे. दुसऱ्या आक्षेपावर नागरी नियामकाचे प्रकाशित अहवाल हा काहीसा उतारा आहे. दोन्ही आक्षेप यामुळे पूर्णतः मिटतात असे मात्र म्हणता येत नाही.

३० ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटेपूर्वी बॅरोच्या डेव्हनशायर डॉक हॉल या प्रचंड बांधणीगृहास आग लागली. धुरामुळे दोघांना रुग्णालयात न्यावे लागले. अणुविषयक धोका नसल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्या रात्री शहरातील लोकांना एवढ्या एका वाक्यावर विसंबावे लागले. अशा वाक्यावर विश्वास ठेवता यावा, त्यामागे तपासलेला पुरावा असावा आणि काम थांबविण्याचा अधिकार असलेली व्यक्ती आधीच निश्चित असावी, यासाठीच नियमनाचा हा सारा खटाटोप असतो.