चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषध नेमकं काय सिद्ध करतं?

सिंदेवाहीच्या पट्ट्यात 'रक्ताचा आजार' म्हटलं की आधी सिकल आठवतो, आणि पहिली गल्लत तिथेच होते. सिकल म्हणजे रक्ताचा कॅन्सर नव्हे. तो आईवडिलांकडून आलेला, तांबड्या पेशींचा आकार बिघडवणारा आजार. ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरात अस्थिमज्जेत बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात.

या कॅन्सरवरच्या नव्या औषधाची चाचणी म्हटली की 'आमच्यावर प्रयोग करून राहिले' ही भीती येते. ती जुनी आहे आणि ती उगाच नाही. पण औषध चाचण्यांच्या 2019च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरू होत नाही. माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं. 'अर्ध्या लोकांना नुसतं पाणी टोचतात' हेही कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात सहसा खरं नसतं. तिथे बहुतेक वेळा प्रत्येकाला औषधच मिळतं.

भीतीपेक्षा मला आशेचा गैरसमज जास्त घातक वाटतो: नवं औषध आलं, आता पेशंट बरा होणार. पहिल्या टप्प्याचा मुख्य प्रश्न वेगळा असतो. हे औषध किती मात्रेपर्यंत सोसवतं? म्हणून थोड्या रुग्णांना कमी मात्रा देतात, थांबून बघतात, मग पुढच्यांना वाढवतात. ल्युकेमियावरच्या इमॅटिनिब या औषधाची चाचणी 1998 साली अमेरिकेत सुरू झाली, ती दिवसाला 25 मिलिग्रॅमपासून. आज नेहमीची मात्रा 400 आहे. पुढे 300 आणि त्याहून जास्त मात्रा घेतलेल्या 54 पैकी 53 जणांच्या रक्ततपासण्या पूर्ववत झाल्या. असं यश पहिल्या टप्प्यात क्वचितच दिसतं.

आपल्याकडचं उदाहरण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराचं. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून, परत शिरेतून सोडतात. पहिल्या रुग्णाला त्या जून 2021मध्ये दिल्या. पहिल्या टप्प्यात 14 रुग्ण होते, दुसऱ्यात 50. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा 51 जणांपैकी 73 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. ऑक्टोबर 2023मध्ये परवानगी मिळाली, तीही ठरावीक बी-पेशींच्या कॅन्सरसाठी, आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर. 'रक्ताच्या कॅन्सरवर औषध सापडलं' या बातमीत एवढं सगळं मावत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. पण वारंवार तपासण्यांसाठी रुग्णाला दवाखान्याजवळ राहावं लागतं. सिंदेवाहीहून मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने प्रवास, खोली आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार, हे सहीआधी विचारावं. आधी किती जणांना, कोणत्या मात्रेत औषध दिलं आणि त्यांचं काय झालं, हेही विचारावं.