व्यायामशिक्षक आणि त्याचे विद्यार्थी

हायस्कुलाच्या वेळापत्रकावर नजर टाकली, तर गणित, इंग्रजी, शास्त्र यांच्या गर्दींत एखाद्या चौकोनांत "शा. शि." अशीं दोन अक्षरें आढळतात. पालकांचें लक्ष त्या चौकोनाकडे सहसा जात नाहीं. परीक्षा जवळ आली, कीं तो तास बीजगणिताला उसना दिला जातो, आणि दिलेला उसना तास परत मिळाल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. परंतु त्याच शाळेंतून बाहेर पडलेल्या गृहस्थाला पंचवीस वर्षांनंतर "तुम्हांला कोणते शिक्षक आठवतात?" असें विचारावें, तर पुष्कळदां पहिलें नांव निघतें तें व्यायामशिक्षकाचें, कधीं कृतज्ञतेनें, तर कधीं अजूनही न विझलेल्या रागानें. ज्या तासाला शाळेंत सर्वांत कमी किंमत, त्याच तासाची आठवण सर्वांत खोल कां राहते, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

त्याचें उत्तर त्या तासाच्या स्वरूपांतच आहे. वर्गांत विद्यार्थी बाकामागें बसलेला असतो. त्याचें अज्ञान वहींत झांकतां येतें, भीति पुस्तकाआड लपवितां येते. मैदानावर बाक नाहीं आणि वहीही नाहीं. धांवतांना कोणाला धाप लागते, उडीच्या वेळीं कोण कचरतो, हरल्यावर कोणाचा चेहरा उतरतो, चेंडू हातीं आला असतां कोण तो सोबत्याला देतो आणि कोण स्वतःपाशींच ठेवतो, हें सारें तेथें उघड्यावर दिसतें. त्यांतून तेरा ते सोळा हें वय म्हणजे शरीर रोज बदलण्याचें वय. आवाज फुटलेला, हातपाय एकाएकीं लांबलेले, आणि आपल्याकडे सर्व जग पाहत आहे अशी मनाची समजूत. अशा वेळीं शिक्षकानें सहज उच्चारलेला "जाड्या" किंवा "काडी पहिलवान" हा शब्द वर्गाला क्षणभर हसवितो, पण ज्याला तो लागला त्याच्या मनांत तो वर्षानुवर्षें घर करून राहतो. उलट, "काल तुझी उडी आडवी पडत होती, आज सरळ पडली" हें एक वाक्यही तितकेंच दिवस टिकतें.

महाराष्ट्रांतील व्यायामशिक्षकाला दोन वारसे मिळाले आहेत, ते ध्यानांत घेतले म्हणजे त्याचें काम अधिक स्पष्ट होतें. एक वारसा पलटणीच्या कवाइतीचा. जुन्या शाळांतील "ड्रिल मास्तर" शिट्टी, रांग आणि धाक यांवर भिस्त ठेवी. दुसरा वारसा तालमीचा. तालमींतील वस्ताद स्वतः लंगोट कसून हौद्यांत उतरतो. कोणत्या पोराचा खांदा दुखावला आहे आणि कोणाच्या घरीं दूध नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. कवाइतींत एकसारखेपणा होता, तालमींत जवळीक होती. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रोफेसर माणिकराव यांनीं या दोहोंची सांगड घालण्याचा यत्न केला. सांघिक व्यायामाला त्यांनीं देशी आज्ञांची जोड दिली. १९०७ ते १९१० या काळांत त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे या तरुणानें पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें, आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणासही वळण दिलें. १९३८ मध्यें कांदिवलीस व्यायामशिक्षकांसाठीं सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली. अमरावतीस १९१४ मध्यें निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें १९३६ मध्यें बर्लिन येथें देशी व्यायाम व खेळ जगाला दाखविले. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. पण आधीं ते स्वतः रोज नमस्कार घालीत, आणि मग इतरांना सांगत. या सर्व खटपटींतून एकच धडा निघतो: जो स्वतः करतो, त्याच्याच सांगण्याला वजन येतें. सावलींत खुर्ची टाकून शिट्टी फुंकणारा शिक्षक शिस्त राखूं शकेल, पण विद्यार्थी त्याचे होणार नाहींत.

आतां हा संबंध प्रत्यक्षांत कसा जुळतो, तें रायगडच्या किनाऱ्यावर पाहूं. १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या पश्चिमेस अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशी गांवांची माळच लागली आहे. येथील हायस्कुलांत कोळीवाड्यांतला मुलगा, खारजमिनीच्या भातशेतींतला आगऱ्याचा मुलगा, नारळी-पोफळीच्या वाडींतला मुलगा आणि सरकारी नोकराचा बदलीवर आलेला मुलगा एकाच रांगेंत उभे असतात. पुष्कळ शाळांचें पटांगण लहान, पावसाळ्यांत तेंही चिखलमय. परंतु समुद्रानें येथें एक मैदान फुकट दिलें आहे. ओहोटी लागली, कीं ओली, घट्ट आणि सपाट पुळण उघडी पडते. तिच्यावर टाचेनें रेषा ओढली, कीं कबड्डीचें अंगण तयार होतें. पडलें तरी फारसें लागत नाहीं, आणि पुढची भरती सर्व रेषा पुसून जाते.

हें मैदान मात्र घड्याळाप्रमाणें मिळत नाहीं. तें तिथीप्रमाणें मिळतें. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ तासांत निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून भरती सहाच्या सुमारास, सकाळींही आणि संध्याकाळींही. भरतीनंतर साधारण सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारीं साडेअकरा-बाराच्या आसपास येते, आणि शाळा सुटल्यावर पांच-साडेपांचाला समुद्र दूर गेलेला असतो. उधाणाचे दिवस असल्यानें पुळणही सर्वांत रुंद सांपडते. भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तास पुढें सरकत जाते, आणि अष्टमीपर्यंत तें मैदान पाण्याखालीं जातें.

बाहेरगांवाहून नेमणुकीवर आलेल्या व्यायामशिक्षकाला हें गणित ठाऊक नसतें. तो तें छापील कोष्टकांत पाहूं शकतो. परंतु त्यापेक्षां एक चांगला मार्ग आहे. वर्गांत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, प्रगतिपुस्तकावर तांबड्या रेघा असलेल्या कोळ्याच्या मुलाला त्यानें विचारावें, "अरे, उद्यां सराव ठेवावा म्हणतों, पाणी केव्हां उतरेल?" मुलगा बोटांवर मोजून सांगतो, "सर, उद्यां सप्तमी. सवापांचला पुरती भरती. खेळायला जागाच नाहीं. पुनवेपर्यंत थांबा." ज्या शाळेंत त्याला आजवर केवळ काय येत नाहीं तेंच सांगितलें गेलें, त्या शाळेंत कोणी तरी त्याला येत असलेली गोष्ट विचारली! तिथीचें तें गणित त्यानें पाऊणकीच्या पाढ्यानेंच केलेलें असतें, ही गोष्ट शिक्षकानें पुढें गणिताच्या शिक्षकांच्या कानावर घातली, तर आणखी एक दार उघडतें. विद्यार्थ्याशीं नातें जोडण्याची पहिली पायरी उपदेश नसून प्रश्न आहे, आणि तो प्रश्न खरा असावा. उत्तराची गरज विचारणाऱ्यालाच असावी.

दुसरी पायरी न्यायाची. मुलें कडक शिक्षक सहन करतात, पक्षपाती शिक्षक कधींच नाहीं. संघ निवडण्याची जुनी रीत अशी, कीं दोन नायक पाळीपाळीनें गडी उचलतात, आणि शेवटीं उरलेला अशक्त मुलगा सर्वांच्या देखत नकोसा ठरतो. ही रीत टाकून शिक्षकानें आंकडे मोजून किंवा चिठ्ठ्या टाकून संघ पाडले, तर त्याला वेगळा खर्च येत नाहीं, आणि रोजचा एक अपमान टळतो. खेळांत पंचाचें काम पाळीपाळीनें प्रत्येकाला दिलें, तर ज्याला धांवतां येत नाहीं त्यालाही मैदानावर मानाची जागा मिळते. शिवाय वाद घालणाऱ्यालाच शिट्टी हातीं दिली, कीं निर्णय देणें किती कठीण असतें हें त्याला आपोआप समजतें.

तिसरी गोष्ट शिक्षेची. "मैदानाला दहा फेऱ्या मार" ही व्यायामशिक्षकाची ठराविक शिक्षा. तिच्यांत मोठा तोटा आहे. धांवणें ही आनंदाची गोष्ट म्हणून शिकवावयाची, आणि तीच दंड म्हणून लादावयाची, या दोहोंचा मेळ कसा बसावा? जो मुलगा फेऱ्यांना शिक्षा समजूं लागला, तो शाळा सुटल्यानंतर जन्मांत पुन्हां धांवणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंसही बंदी केली आहे. पण कायद्याच्या आधीं शहाणपणानेंच ही गोष्ट सुचावी. चूक सांगावयाची ती बाजूस घेऊन, हळू आवाजांत. शाबासकी द्यावयाची ती चारचौघांत. बहुतेक शिक्षक नेमकें याच्या उलट करतात.

मुलींच्या बाबतींत हें काम अधिक नाजूक असतें. सातवीपर्यंत खोखोंत वाऱ्यासारखी धांवणारी मुलगी नववींत एकाएकीं भिंतीशीं उभी राहूं लागते. तिला आळशी म्हणणें सोपें आहे. परंतु तिच्या मासिक धर्माची अडचण असेल, गणवेष तिला संकोचाचा वाटत असेल, किंवा पहांटे आईबरोबर मासळीच्या बाजाराला जाऊन आणि सुकट वाळत घालून ती थकलेली असेल. अशा वेळीं समजूतदार शिक्षक चौकशीचा भडिमार करीत नाहीं. बसण्याची मोकळीक देतो, शाळेंतील बाईंना सांगून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं जणू कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें तिला खेळांत घेतो. मुलींचा सराव अंधार पडण्यापूर्वीं संपवावा आणि त्या गटागटानें घरीं पोंचतील अशी व्यवस्था करावी. एवढी काळजी दिसली, कीं स्पर्धेसाठीं मुलीला परगांवीं पाठविण्यास आईबाप तयार होतात. न दिसली, तर कितीही सांगून होत नाहींत.

विश्वासाचें महत्त्व जाणून घेण्यास खाशाबा जाधवांचें उदाहरण पुरेसें आहे. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत असतांना त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकानें वार्षिक सामन्यांत त्यांना घेण्याचें नाकारलें. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनीं परवानगी दिली. पुढें १९५२ च्या हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठीं पैसे कमी पडले, तेव्हां प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं ब्राँझपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. एकाच विद्यालयांत एकाला त्या तरुणाचें शरीर दिसलें, दुसऱ्याला माणूस दिसला. प्रत्येक व्यायामशिक्षकाला रोज हीच निवड करावी लागते. फरक इतकाच, कीं त्याच्यापुढील बहुतेक विद्यार्थी पदक आणणारे नसतात, आणि तरीही त्यांना माणूस म्हणून पाहावें लागतें.

येथेंच एक मोह संभवतो. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. शाळेलाही ढाली हव्या असतात. त्यामुळें शिक्षकाचा सारा जीव निवडक बारा खेळाडूंवर जडतो, आणि उरलेले दीडशे विद्यार्थी कडेला टाळ्या वाजवीत बसतात. संघ घडवूं नये असें नाहीं. पण संघाचा सराव शाळेनंतर व्हावा. तासाचा वेळ सर्वांचा आहे. त्याचप्रमाणें, जवळीक म्हणजे सलगी नव्हे. विद्यार्थ्यांत लोकप्रिय होण्यासाठीं त्यांच्याबरोबर दुसऱ्या शिक्षकांची थट्टा करणारा, आज मोकळा आणि उद्यां तापट असणारा शिक्षक मुलांना आवडतो, पण अडचणीच्या वेळीं त्याच्याकडे कोणी जात नाहीं. मुलांना हवा असतो तो रोज सारखाच वागणारा मनुष्य.

आणि अडचणीची वेळ येतेच. जून-जुलै हे मासेमारी बंद असण्याचे महिने. त्या काळांत कोळीवाड्यांतलीं मुलें वर्गांत नियमानें दिसतात. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यांत गेल्या, कीं नववीच्या हजेरीपटावर कांहीं नांवांपुढें रिकाम्या जागा पडूं लागतात. घरांत कर्ज असतें, तांडेलाला खलाशी हवा असतो, आणि पंधरा वर्षांच्या दणकट मुलाच्या हातीं रोख पैसा पडतो. हजेरीपटावरची रिकामी जागा हिशेबांत दिसते. पण कबड्डीच्या चढाईंतली रिकामी जागा सर्वांत आधीं डोळ्यांत भरते ती व्यायामशिक्षकाच्या. अशा वेळीं तो त्या संध्याकाळीं कोळीवाड्यांत गेला, ओट्यावर बसला, बापाच्या धंद्याला नांवें न ठेवतां "दहावीपर्यंत राहूं द्या, सुटीच्या दिवशीं होडीवर नेत जा" असें बोलला, तर कधीं कधीं मुलगा परत येतो. कधीं येत नाहीं. पण त्याच्या आधीं दोन वर्षें "पाणी केव्हां उतरेल?" हें ज्यानें विचारलें नसेल, त्याला त्या ओट्यावर बसण्याचा अधिकारच नसतो, आणि बाप त्याचें ऐकूनही घेत नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या, आणि घरांचीं छपरें उडालीं. असा घाला पडतो, तेव्हां अभ्यासक्रम कांहीं काळ मागें राहतो; गांवाला उपयोगीं पडतात तीं एकमेकांना हांक मारण्याची संवय असलेलीं, ओझें वांटून घेणारीं, सांगितलेलें ऐकणारीं तरुण मुलें. ती संवय वादळाच्या दिवशीं शिकवितां येत नाहीं. ती रोजच्या चाळीस मिनिटांत, रांगेंत आणि खेळांत, न बोलतां लागलेली असावी लागते.

म्हणून वेळापत्रकांतील तो चौकोन बीजगणिताला उसना देण्यापूर्वीं मुख्याध्यापकांनीं आणि पालकांनीं थोडा विचार करावा. आपल्या मुलाला किती गुण पडले, हें आईबाप विचारतातच. महिन्यांतून एकदां शाळेंत जाऊन व्यायामशिक्षकालाही गांठावें, आणि "आमचा मुलगा हरल्यावर कसा वागतो?" एवढेंच विचारावें. ज्या शिक्षकाला या प्रश्नाचें उत्तर तात्काळ देतां येतें, त्याच्या हातीं मूल सुरक्षित आहे असें खुशाल समजावें.